कललेले तीन ओळंबे

एक होते शास्त्रज्ञ. राजा नव्हे, प्रधान नव्हे, साधे चष्मेवाले शास्त्रज्ञ. नाव त्यांचं भालचंद्र, पण सगळं गाव त्यांना भालबा म्हणायचं. गावाचं नाव सोनकातळ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधोमध देवळापुढे हे एवढं मोठं तळं.

या भालबांचं घर कसं होतं, सांगू? तुमच्या त्या रंगीत कॉमिकमध्ये असतं ना, अगदी तसलं. त्यांची बायको इंदुमती, ती उडायची. थोरली लेक रोहिणी वाळूत रुतलेली होडी एका हातानं उचलायची. आणि धाकटी मैना, सात वर्षांची चिमुरडी, तिनं साद घातली की डोंगरापलीकडच्या गावात गुरं माना वर करायची.

हे झालं कसं? तर एकदा तिन्हीसांजेला आभाळात धूमकेतू आला. भालबांनी अंगणात मोठी दुर्बीण लावली. धूमकेतूचा उजेड दुर्बिणीतून आला आणि ओट्यावर बसलेल्या या तिघींच्या अंगावर पडला. तेव्हापासून तिघींना शक्ती आली. भालबा दुर्बिणीच्या सावलीत उभे होते, बरं का. त्यांच्यावर तो उजेड पडलाच नाही.

मग काय! कुणाची होडी उलटली की इंदुमती जायची. दरड कोसळली की रोहिणी जायची. कुणी रानात चुकलं की मैना साद घालायची. आणि भालबा? भालबा घरी भात टाकायचे, वह्यांत काहीबाही लिहायचे. गावचे दाजी खोत एकदा हसून म्हणाले, “भालबा, घरात सगळ्या विजा, आणि तुम्ही तेवढे पणती!” भालबाही हसले. पण रात्री त्यांनी भाकरी तशीच ताटात ठेवली.

आणि मग एकदा काय झालं, सकाळी सखू गुरवीण चुलीवरचं झाकण काढायला गेली, तर झाकण आपलं आपणच वर गेलं. तरंगत तरंगत गेलं आणि आढ्याला टेकलं. सखू ओरडत बाहेर आली, तर गावभर तेच. कुणाची टोपी वर, कुणाची चिंध्यांची बाहुली वर. पोरांना मज्जाच मज्जा.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या वर गेल्या. कोंबड्यांना कुठे नीट उडता येतं? पंख फडफडवत, ओरडत माडाच्या शेंड्यांना अडकून बसल्या.

तिसऱ्या दिवशी शेळ्या वर जायला लागल्या, आणि मग कुणी हसेना. आयांनी तान्ही पोरं पदरानं पोटाशी बांधली. दाजी खोत वडाच्या पारंबीला मिठी मारून बसले. शेळ्यांनंतर कुणाचा नंबर, हे सगळ्यांना कळत होतं.

मग इंदुमती उडाली. शेळ्या खाली आणाव्यात म्हणून सूं करून वर गेली. पण ती वर जाताच घरांची कौलं उचलली जायला लागली! ती घाबरून खाली आली.

मग रोहिणी पुढे झाली. तिनं मोठाले कातळ आणले आणि घरांवर दाबून ठेवले. पण तिनं जोर लावला तसे कातळच हलके झाले, आणि निघाले वर.

मग मैना देवळाच्या पायरीवर उभी राहिली. ओरडली, “कोण आहे तिकडे? थांब!” तिची साद गेली मात्र, गाडीला जुंपलेल्या बैलांचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. मैना रडायलाच लागली. “बाबा, माझ्यामुळे झालं!”

भालबांनी तिला कडेवर घेतलं. म्हणाले, “तुझ्यामुळे नाही गं. पण तू मला काहीतरी दाखवलंस.”

भालबा तीन दिवस काय करत होते, माहीत आहे? रोज ओट्यावरून एक खडा खाली सोडायचे आणि तो पडेपर्यंत आकडे मोजायचे. एरवी एक म्हणेपर्यंत खडा खाली. आता पाच मोजावे लागत होते. इंदुमती उडाली तेव्हा सात. रोहिणीनं जोर लावला तेव्हा नऊ. म्हणजे जे काही होतं, ते या तिघींच्या शक्तीला भीत होतं. हरिण वणव्याला भितं ना, तसं. आणि भ्यालं की जास्त ओढत होतं.

मग भालबांनी गवंड्याकडून तीन ओळंबे आणले. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते बघतात त्यानं. ओळंबा नेहमी सरळ खाली लोंबतो. भालबांनी एक टांगला किनाऱ्यावर, एक डोंगराच्या पायथ्याशी आणि एक आपल्या अंगणात. आणि बघतात तर काय, तिन्ही ओळंबे कललेले! किनाऱ्यावरचा डोंगराकडे, डोंगराजवळचा किनाऱ्याकडे. तिन्ही तळ्याकडे बघत होते.

गाव तळ्याकडे धावलं. तळ्यात काहीच दिसेना. पण काठावर माणसाचे पाय जमिनीला टेकेनात. भालबांनी खडा सोडला. खडा खाली पडलाच नाही. वर गेला, वर गेला, आणि दिसेनासा झाला.

सगळ्यांनी माना वर केल्या. वर नुसतं निळं, स्वच्छ, रिकामं आभाळ.

“रिकामं नाही ते,” भालबा हळूच म्हणाले. “तिथे कुणीतरी आहे.”

मग भालबांनी होडीच्या नांगराचा दोर आणवला. चांगला चाळीस वाव लांब, वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. एक टोक देवळाच्या दगडी दीपमाळेला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. शिमग्याचा उरलेला गुलाल होता, त्याची पोती दोन्ही खांद्यांना लटकवली.

इंदुमती म्हणाली, “अहो, तुम्ही कशाला? मी जाते.”

“तू गेलीस तर ते भिईल. तिथे बिनशक्तीचा माणूसच हवा,” भालबा म्हणाले. “आणि ऐक. गावातले खडे धपाधप खाली पडायला लागले, की मगच उड. त्याआधी काही झालं तरी नाही.”

“आणि तोवर तुम्ही?”

“तोवर मी असेन वर.”

इंदुमतीनं दोराची गाठ पुन्हा एकदा आवळली.

मग भालबांनी घट्ट धरलेला काठावरचा दगड सोडला, आणि ते वर निघाले. कसली शक्ती नाही, काही नाही, आपले पिसासारखे. माड खाली गेले. देवळाचा कळस खाली गेला. सगळं गाव मूठभर झालं, आणि पलीकडे समुद्र असा पसरला की त्याला काठच नव्हता. भालबांना वाटलं, माझी इंदू रोज हे बघते होय!

तेवढ्यात दोर ताणला आणि ते थांबले. आता मात्र अंगावर वारा यायला लागला. ऊबदार वारा. यायचा, थांबायचा, परत यायचा. तो श्वास होता, बाळांनो.

भालबांनी गुलालाची पोती फाडली आणि गुलाल उधळला.

आणि मग आभाळात ते दिसलं! आधी एक पंख, शिडाएवढा. मग पाठ, डोंगराच्या रांगेसारखी. मग शेपूट, पार समुद्रावर गेलेली. आरपार, काचेसारखा आभाळातला मासा, आणि अंगभर गुलाबी होत चाललेला. खाली दाजी खोतांनी नकळत हात जोडले. आणि भालबांच्या समोर, अगदी समोर, तळ्याएवढा एक डोळा उघडला.

भालबांचं भय कुठल्या कुठे गेलं. इतकं मोठं, इतकं सुंदर काही जगात असेल, असं त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं. पण डोळा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता. एकटक.

भालबांनीही खाली बघितलं. आणि तळ्याच्या पाण्यात त्यांना एक खळगा दिसला. काठावरून न दिसणारा, वरूनच दिसणारा. पाण्यात माशाच्या आकाराची पोकळी, बैलाएवढी, तडफडणारी.

त्या आभाळातल्या माशाचं पिल्लू होतं ते! आभाळातून पडलं होतं, कमळाच्या वेलींत अडकलं होतं. आणि वर आई तीन दिवस त्याला ओढत होती. तिला गावाशी काही घेणंच नव्हतं. ती आपल्या लेकराला बोलवत होती.

भालबा जिवाच्या आकांतानं ओरडले, “कमळाच्या वेली कापा! नुसत्या हातांनी! शक्ती नको!”

मग रोहिणी आणि मैना तळ्यात उतरल्या, कमरेला दोर बांधून. सखूही तशीच उतरली. दाजी खोतसुद्धा धोतर खोचून उतरले. कोयत्यांनी वेली कापायला लागले. रोहिणीला एका हिसक्यात तळं उपसता आलं असतं, पण ती एकेक वेल कापत राहिली. मैनेचा हात कशाच्या तरी मऊमऊ अंगाला लागला. ते थरथरत होतं. मैना त्याच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असेल तिथे, अगदी हळू म्हणाली, “जा, तुझी आई आलीय.”

शेवटची वेल तुटली. पाणी खदखदलं, आणि ती पोकळी सुळकन वर गेली. भालबांच्या गालाला गार पाणी चाटून गेलं. गुलाबी आईनं पंख पसरला, पिल्लाला पोटाशी घेतलं आणि वळली. तिच्या अंगावरचा गुलाल आभाळभर सांडला. मग दोघं वर गेली, उंच उंच गेली, सूर्याच्याही पलीकडे गेली असतील.

आणि गावात धप! धप! धप! झाकणं पडली, खडे पडले, शेळ्या गवताच्या गंजीवर आदळल्या.

आणि भालबाही पडायला लागले.

पण खडे पडताना इंदुमतीनं ऐकले होते, बरं का. ती अशी सुटली, अशी सुटली, की तिचं लुगडं वाऱ्यावर फाटलं. दीपमाळेच्या टोकापाशी तिनं भालबांना झेललं. भालबांचा चष्मा तेवढा तळ्यात गेला.

तळ्याकाठी बसल्यावर दोघी लेकी त्यांना बिलगल्या. दाजी खोत ओलेचिंब, समोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “भालबा, तिचा डोळा कसा होता हो?”

भालबा सांगायला लागले, आणि सगळं गाव मांडी घालून ऐकायला बसलं. शेळ्यासुद्धा गप्प होत्या.

पुढे ती चौघं सोनकातळात सुखानं राहिली. भांडली, हसली, एका ताटाशी जेवली. तुमचंही तसंच होवो. चला आता, पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटा बघू. निजा.