पेशाला शोभेल असं पूर्वायुष्य

कृष्णाकाठच्या एका गावात दिगू टोणपे नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. भोळा म्हणजे किती? एखादी बाई 'दळणावर नजर ठेव रे' असं सांगून बाजारात गेली, तर ती परत येईपर्यंत हा डोळे न हलवता डब्याकडे बघत उभा राहायचा. मागे रांग लागली तरी.

गिरणी चांगली चालत होती, पण दिगूचं लग्न जमत नव्हतं. त्याच्या आईने ध्यासच घेतला होता. चार माणसांत बसला तर बोलायला शिकेल, म्हणून तिने त्याला दर रविवारी परीक्षित सरांकडे धाडायला सुरुवात केली.

परीक्षित सर एरवी शिकवणीचा क्लास चालवायचे आणि रविवारी त्याच बाकांवर एक खेळ. खेळात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. मग सगळ्यांनी मिळून फासे टाकत बसल्या जागी राक्षस मारायचे. पण त्याआधी आपल्या पात्राचं पूर्वायुष्य सांगायचं, आणि ते त्याच्या पेशाला शोभलं पाहिजे. शोभतं की नाही ते सर ठरवणार. सरांनी स्वतः आयुष्यात क्लासशिवाय काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे नियम फार कडक होते.

दिगू म्हणाला, मी योद्धा. पूर्वायुष्य विचारल्यावर म्हणाला, गिरणी आहे, सकाळी गहू दळतो, दुपारी ज्वारी, आई भाकरी बांधून देते.

सर हसले, म्हणून बाकीचे हसले.

"अरे, भाकरी खाणारा माणूस तलवार कशाला उचलेल?" सर म्हणाले. "योद्ध्याचं गाव जळालेलं असतं. आईबाप मारले गेलेले असतात. त्याशिवाय त्याला किंमत नाही."

बाकांवर बसलेल्या प्रत्येकाचं गाव जळालेलं होतं. सगळेच्या सगळे अनाथ. मग त्या राज्यात ज्वारी पेरत कोण होतं, हे कुणीही विचारलं नाही. दिगूने मान हलवली. त्याला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

त्याच आठवड्यात टोणपे मंडळी शेजारच्या गावी मुलगी बघायला गेली. मुलीच्या बापाने रीतीप्रमाणे विचारलं, घरी कोण कोण असतं?

"कोणी नाही," दिगू म्हणाला. "आईबाप मारले गेले. गाव जाळलं."

आई आणि वडील, म्हणजे तात्या, त्याच्या दोन्ही बाजूंना बसून पोहे खात होते. तात्यांना ठसका लागला. मुलीच्या बापाने चाचरत विचारलं, मग हे दोघं कोण?

"मारले गेलेले ते हेच," दिगू म्हणाला.

परतीच्या वाटेवर आई बोलत होती ती घर येईपर्यंत. "आरं, चार मान्सांत बसलं की समदं चांगलं सांगावं. आईबाप धडधाकट, सवताचं घर, यसन न्हाई, पोलिसात नाव न्हाई. डाग म्हनून दाखवू ने."

दिगूने मान हलवली. त्याला पटलं.

रविवारी तो चोर झाला. पूर्वायुष्य सांगितलं: आईबाप धडधाकट, स्वतःचं पक्कं घर, सुपारीचं खांडही खात नाही, पोलिसात नाव नाही, आजवर कुणाच्या काडीला हात लावलेला नाही.

"मग हा चोर कसला?" सर म्हणाले.

"इमानदार," दिगू म्हणाला.

सरांनी कपाळावर हात मारला. त्यांनी समजावलं की चोराच्या मागच्या आयुष्यात काहीतरी काळंबेरं हवं, आणि ते त्याने दडवायला हवं. कुणी विचारलं की इकडेतिकडे बघावं, आवाज खाली आणावा आणि विषय बदलावा. दिगूला हेही पटलं.

पुढच्या स्थळी मुलीचा मामा विचारत होता, गिरणी कधीपासून चालवता? दिगूने दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाला, "त्यात पडू नका. तुमची म्हैस दूध किती देते?"

मामा सावध झाला. त्याने विचारलं, गिरणीत दळता तरी काय? दिगूने म्हशीची वेतं विचारली. मामा टोणपे मंडळींना एसटीपर्यंत पोचवायला आला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलला नाही.

आई त्या दिवशी जेवली नाही. आपण डोळे मिटल्यावर या पोराकडे बघणार कोण, या एका काळजीने तिचा जीव पोखरला होता. ती रागावली नाही, रडत रडतच म्हणाली, की बाबा, दडवायचं नसतं. लोकांनी खात्री मागायच्या आधी आपण द्यावी. ओळखीचा माणूस उभा करावा.

म्हणून पुढच्या रविवारी दिगू खेळायला तात्यांना घेऊन गेला. या वेळी तो वैद्य झाला होता. तात्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यांना सांगितलं, वैद्य चांगला आहे, घराणं माझ्या माहितीतलं आहे. खेळात राक्षस अंगावर आला, तेव्हा दिगूने त्यालाही गावात चौकशी करून घ्यायला सांगितलं.

"वैद्य ओळखीवर होत नाही रे," सर करवादले. "ज्याच्या हातून कुणीतरी मेलेलं असतं, तोच पुढे लोकांना बरं करत सुटतो. मेलेलं माणूस नाही, तर वैद्य नाही. वाटेल त्या वैद्याला लावून बघ हा नियम."

दिगूने मान हलवली.

त्या दिवशी तात्यांशी बोलताना सरांना कळलं की टोणप्यांच्या गिरण्या दोन आहेत. कडक माणूस जरा सैल झाला. सरांची बहीण शालन तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळीमुळे तिला स्थळं नकार देत होती. विचारल्यावर ती म्हणाली, दिगूला मी ओळखते, साऱ्या गावात तोच एक पिठात हात मारत नाही. मला चालेल.

आईचा विश्वास बसेना. सरांच्या घरी मुलगी बघायला निघताना तिने दिगूकडून शपथ घेतली, की कुणी बोल म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

दिगूने उघडलं नाही. पोहे झाले, चहा झाला. शालन हसली, दिगू लाजला. सरांच्या वडिलांनी पंचांग मागवलं. आईने पदराने डोळे टिपले. आता रीत म्हणून सरांचे वडील म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारू दे.

"विचारायचं काय त्यात," सर कौतुकाने म्हणाले. "दवाखान्यातल्या कुणालाही विचारा, किती माणसं बरी केली हिने."

दिगूचे डोळे चमकले. "मग हिच्या हातून मेलं कोण?"

आईने त्याचा पाय दाबला. उशीर झाला होता. शालनचं हसू गेलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "आजवर एकही नाही."

दिगूला फार वाईट वाटलं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, आणि पूर्वायुष्य पेशाला शोभत नव्हतं. त्याने सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. नियम त्यांचाच, आता ते हे लग्न मोडणार, असं दिगूला वाटलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःचं डोकं चालवलं.

कोपऱ्यात सरांची आजी बशीतून चहा पीत बसली होती. दिगूने तिला नीट न्याहाळलं आणि सगळ्यांना धीर दिला.

"मोडू नका. आजींना आज हिच्या हातचं औषध द्या," तो म्हणाला. "आम्ही तेराव्यानंतरची तारीख धरू."