विळ्याची रेघ

हात नका लावू त्या रेघेला, आधी ऐका. वरच्या सड्यापासून, त्या उघड्या माळापासून, खाली पोफळीच्या बागेपर्यंत हा काळा कातळ उतरलाय, घासून घासून तव्यासारखा गुळगुळीत. त्याच्या मधोमध ही पांढुरकी रेघ. माथ्यावरून निघते आणि खाली पोचायला तीन हात उरले असताना थांबते. शहरातले शहाणे म्हणतात, पाण्यानं पडली असेल. पडली असेल! पाण्याच्या हातात विळा असतो होय?

जुनी माणसं सांगत आली ते असं. त्या काळी आमच्या विरवंडी गावच्या बाया सड्यावर गवत कापायला जायच्या. पायवाट दोन कोस फेऱ्याची, म्हणून उतरताना पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा तो रुंद चिवट देठ, बुडाखाली घ्यायची आणि कातळावरून सुर्रकन खाली. नेम एकच. सुटण्याआधी खणखणीत हाक द्यायची, "आले गोऽऽ!" म्हणजे खालचं माणूस बाजूला होई.

घाटमाथ्यावर तेव्हा हैबत नावाचा लुटारू बसला होता म्हणे. एका मार्गशीर्षातल्या अवसेला त्याच्या माणसांनी सड्यावरच्या पाच बाया धरल्या आणि पडक्या देवळात कोंडल्या. एक ओरडली, तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती उठलीच नाही. उरल्या चौघींना सकाळी घाटापलीकडे विकायचं ठरलं होतं. त्यांत आनशी होती, आणि तिची बारा वर्षांची लेक पारू.

आनशी तोंडाची मोठी फटकळ. तिची हाक तीन वाड्यांत ऐकू जायची. नवरा भिवा म्हणायचा, "हिला कुणी घटकाभर गप्प बसवा, मी गावजेवण घालतो." पण त्या रात्री ती गप्प बसली होती, कारण ओच्यात विळा लपवलेला होता. पहारेकरी झिंगून आत डोकावला, तशी तिनं त्याच्या मानेत विळा अडकवून ओढला. गवत कापणारा हात तो, दुसऱ्यांदा ओढावं लागलं नाही.

काळोखातून चौघी कातळाच्या माथ्यावर आल्या. विऱ्यांचा ढीग तिथंच पडला होता. आनशीनं पारूला आधी बसवलं.

"खाली तुझा बाप असेल. त्याला सांग, हाक देईल ती आपली. मुक्यानं येईल त्याला सोडू नको म्हणावं."

"आणि तू गं आये?"

"मी शेवटी. माझी हाक काय तुम्हाला ऐकू यायची नाही? बस आता मुकाट!"

पारूनं हाक दिली आणि सुटली. त्या हाकेनं लुटारू जागे झाले. उरलेल्या दोघीही हाका देत खाली पोचल्या, पण तोवर दोन लुटारूंनी आनशीला ढकलून विऱ्या बळकावल्या आणि त्यांच्या मागोमाग सुटले. बाया परतल्या नाहीत म्हणून खाली भिवा कोयता घेऊन उभाच होता. पारूनं आईचा निरोप सांगितलेला. मुक्यानं आला त्या पहिल्याचा खांदा त्यानं उतरवला, दुसऱ्याची कवटी फोडली. रक्तानं कातळ निसरडा झाला म्हणतात.

वर हैबतनं मागून येऊन आनशीचा गळा आवळला. तिनं विळा मागच्या मागं त्याच्या पोटात घातला आणि फिरवला. आतडी बाहेर आली तरी मेल्यानं गळा सोडला नाही. तो पडला तेव्हा आनशीच्या घशाचा चेंदा झाला होता. तिनं हाक द्यायला तोंड उघडलं. नुसता वारा आला.

मागून मशाली धावत येत होत्या. थांबली तर मरण, आणि खाली तिनंच पाठवलेला निरोप. अगं बाई, काय वाटलं असेल तिला! तरी बसली. सुटताना तिनं विळ्याचं टोक सगळ्या जोरानं कातळावर दाबून धरलं. आवाज होईल, विळा ओळखू येईल, आपलं माणूस समजून घेईल, एवढीच आशा.

लोखंड किंचाळत खाली आलं. ठिणग्या उडाल्या. भिवाला वाटलं, तलवार आली.

"बाबा, विळा हाय तो!" पारू ओरडली, पण कोयता उतरला होता. रेघ तिथंच थांबली.

हैबत मेलेला पाहून त्याची माणसं पळाली. गाव वाचलं. भिवा मात्र तिचं डोकं मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत एकच विचारत होता, "जन्मभर एवढी बोललीस, आजच का गं गप्प बसलीस?"

आजही त्या अवसेला अख्खं गाव रात्री इथं विऱ्या घेऊन घसरायला येतं. दिवा नाही, बॅटरी नाही, तुमचे मोबाइलसुद्धा खिशात. त्या रात्री वरून कुणी हाक देत नाही. खाली भिवाच्या वंशातला एक जण दोन्ही हात पसरून उभा राहतो. हात रिकामे, कंबरेचा कोयतासुद्धा घरी ठेवून आलेला. काळोखातून जो कुणी येईल, बाई असो, बाप्या असो, परका असो, त्याला तो झेलतो आणि एवढंच विचारतो, "आलीस?"