सुगरणीची चांदीची तार

सरका जरा, मला पाय पसरू द्या. हां. तर एक होता राजा, आणि त्याला फार घाई. त्याच्या राज्यात रीतच होती, बरं का, सकाळी हाती घेतलेलं काम दिवेलागणीच्या आत संपलंच पाहिजे. मग काय, विहिरी उथळ, भिंती वाकड्या आणि भाकऱ्या कच्च्या. राजा मात्र खूश.

त्याला एक मुलगी होती, हेमकळा. तिचे दात आले तेच एकमेकांच्या अंगावर चढून. जागा थोडी आणि दात फार. जेवताना गाल चावला जायचा, मुलं चिडवायची. मग ती तोंडावर हात धरून बोलू लागली. मग हळूहळू बोलायचीच थांबली. हसणं तर केव्हाच गेलं. मला बाई फार वाईट वाटतं अशा पोरीचं.

राजानं दवंडी पिटली. लोहार आला, म्हणाला, ठोकून बसवतो. सोनार आला, म्हणाला, घासून देतो. हेमकळा जी पलंगाखाली शिरली, ती बाहेरच येईना.

मग खिडकीत आली एक सुगरण. हो, घरटं विणते तीच. म्हणाली, "मी दातांवरून चांदीची तार ओवीन. पण दात मुंगीच्या पावलानं चालतात. पावसाळे येतील नि जातील, तेवढं थांबावं लागेल."

तिनं तार ओवली. सुरुवातीला दात असे ठणकले, की हेमकळा नुसता मऊ भात खायची. सुगरणीनं बजावलं, चिकट नको, कडक नको, आणि खाल्लं की तारेखालून सगळं घासून काढायचं. पण चिक्की दिसल्यावर कुणाला राहवतं? कटकन तार निसटली. सुगरण रागावली नाही. पुन्हा ओवत म्हणाली, "आता तेवढे दिवस जास्त लागतील हं."

इकडे राजाला धीर निघेना. त्यानं सुगरणीला भर दरबारात बोलावलं. "आज दिवेलागणीच्या आत तार घट्ट ओढ आणि संपव एकदाचं."

"महाराज, तशी ओढली तर दात मुळातनं ढिला होईल," सुगरण म्हणाली.

राजानं पिंजरा मागवला. तेव्हा हेमकळा उठली. तिनं तोंडावरचा हात खाली घेतला. सगळ्या दरबाराला ती तार दिसली. कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, दात माझे आहेत. मला वेळ हवाय."

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला राजानं. त्यानं पिंजरा परत पाठवला. त्या संध्याकाळी दिवे लागले आणि राज्यात पहिल्यांदा एक काम अर्धं राहिलं.

मग पुष्कळ दिवसांनी तार निघाली. दात ओळीत बसले होते. हेमकळा आरशात बघून हसली, मग उगाचच पुन्हा हसली. सुगरणीनं तिला एक पातळ पट्टी दिली. "ही रोज रात्री घालायची. दातांना जुन्या जागेची ओढ असते, ते परत निघतात."

पण आता कशाला पट्टी? हेमकळानं ती कुठंतरी भिरकावली. थोड्याच दिवसांत एक दात शेजाऱ्यावर रेलला. मग रडारड आणि शोधाशोध. राजा स्वतः गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखालून धुळीनं माखलेली पट्टी काढली. ती स्वच्छ धुऊन त्यानं तिच्या हातात दिली. हसताय काय? माझे दात तर वाटीत झोपतात, म्हणून सांगते, असतील तोवर जपा.

तेव्हापासून रोज रात्री राजा लेकीजवळ येऊन बसायचा. ती दात घासायची, पट्टी घालायची आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगत बसायची. पट्टीमुळे बोलणं बोबडं यायचं, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागायची. राजा दोन्ही वेळा ऐकायचा. उठायची घाई त्याला कधी झाली नाही.

अशी ती सगळी सुखानं राहिली. डोळे मिटा आता. मी बसलेय इथंच.