टिंगीचं खोबरं आणि म्हातारी मोटार

एक होती उंदरी. तिचं नाव टिंगी. एक होती मोटार. निळी निळी, म्हातारी म्हातारी. ती तात्यांच्या छपराखाली राहायची.

आला दसरा. तात्यांनी मोटार ढकलत बाहेर आणली. हार घातला. बॉनेटवर आपट्याचं पान ठेवलं, म्हणजे दसऱ्याचं सोनं! नारळ फोडला. फट्! मग मोटार ढकलत परत आत. दरवर्षी अस्संच. पूजा झक्क, पण चालवायचं नाव नको!

यंदा मोटार आत जात होती, तेवढ्यात खोबऱ्याचा एक तुकडा घरंगळला. गुडगुड, गुडगुड. टिंगी धरणार, इतक्यात वर चाक आलं. थप्प!

"अगंबाई! माझं खोबरं!" टिंगीचे डोळे झाले एवढे मोठ्ठे. आता पिटू काय खाणार? पिटू तिचा धाकटा भाऊ. बिळात बसून रडत होता. चुंई चुंई!

टिंगी म्हणाली, "खोबरं सुटेना! चाका चाका, सरक ना!"

चाक म्हणालं, "मी नाही सरकत जा! इंजिन ओढेल, तर सरकेन."

टुणुक टुणुक, टिंगी गेली इंजिनाकडे.

"चाक सरकेना, खोबरं सुटेना! इंजिना इंजिना, ओढ ना!"

इंजिन म्हणालं, "मी लोखंडाचं. एकदम ठणठणीत! पण मी नाही ओढत जा! बॅटरी ठिणगी देईल, तर ओढेन."

टुणुक टुणुक, टिंगी गेली बॅटरीकडे. बघते तर काय! बॅटरीच्या डोक्यावर पांढरी पांढरी बुरशी. अगंबाई!

"इंजिन ओढेना, चाक सरकेना, खोबरं सुटेना! बॅटरी बॅटरी, ठिणगी दे ना!"

बॅटरी म्हणाली, "मी दमले गं. एकच ठिणगी उरलीय. ती नाही देत जा! पाण्याशिवाय इंजिन तापेल. नळी पाणी वाहील, तर देईन."

टुणुक टुणुक, टिंगी गेली नळीकडे. बघते तर काय! नळीला ही मोठ्ठी भेग. अगंबाई!

"बॅटरी ठिणगी देईना, इंजिन ओढेना, चाक सरकेना, खोबरं सुटेना! नळी नळी, पाणी वाहा ना!"

नळी म्हणाली, "मी रबराची. लोखंडाच्या आधी रबरच म्हातारं होतं, बाळा. मी नाही वाहत जा! गॅरेजवाली हौसामावशी पट्टी बांधेल, तर वाहीन."

टुणुक टुणुक, टिंगी गेली गॅरेजवाल्या हौसामावशीकडे. बघते तर काय! पान्याला हळदकुंकू, हातोडीला फूल. आणि मावशी गाल फुगवून बसलेली. अगंबाई!

"नळी पाणी वाहेना, बॅटरी ठिणगी देईना, इंजिन ओढेना, चाक सरकेना, खोबरं सुटेना! मावशी मावशी, पट्टी बांध ना!"

मावशी म्हणाली, "मी नाही बांधत जा! माझी हत्यारं पूजेला बसलीत. सोनं मिळेल, तर उठेन. तात्यांनी गल्लीभर सोनं वाटलं. मोटारीलासुद्धा दिलं. मलाच विसरले!"

मोटारीला दिलं? टिंगी धावली. टुणुक टुणुक! बॉनेटवर चढली. पान तिच्याहून मोठं! ओढलं, ओढलं, मावशीपुढे ठेवलं.

"मावशी, सोनं घे, सोन्यासारखी राहा!"

"अगंबाई! उंदरीने सोनं दिलं!" मावशीचा राग कुठल्या कुठे पळाला.

मावशीने पट्टी बांधली, पाणी भरलं. किल्ली फिरवली. बॅटरीने ठिणगी दिली, चट्! इंजिन घुरघुरलं, घुर्र! नळीने पाणी वाहिलं, झुळझुळ! इंजिनाने ओढलं. चाक सरकलं. खोबरं सुटलं, टप्प!

तात्या धावत आले. एकाच पायात चप्पल! "अरे बापरे! ही अजून चालते?"

मावशी म्हणाली, "चालेल नाहीतर काय! नुसता हार घालता, तात्या. कधी आत वाकून बघितलंत?"

तात्यांनी दोन्ही कान धरले.

टिंगी खोबरं घेऊन बिळात गेली. पिटूचं रडणं थांबलं.

मोटार म्हणाली घुर्र घुर्र, पिटूने खाल्लं कुर्र कुर्र, आणि आपली गोष्ट झाली भुर्र!