तायाप्पाला लस कशी लागू पडली

एका गावात एक भोळा शिपाई होता, आणि त्या गावाला दुसरा शिपाई नव्हता. गावाचं नाव हिंगणओढा, शिपायाचं तायाप्पा. ग्रामपंचायतीत झाडलोट करायची, कागद पोचवायचे, दवंडी द्यायची, ही त्याची कामं. सांगितलेलं तो अक्षरन् अक्षर पाळायचा. अडचण एवढीच, की काल सांगितलेलं तो आज पाळायचा.

पंचविसाव्या वर्षी त्याचं लग्न जमायला आलं. मुलगी शेजारच्या गावची, कस्तुरा. तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याकडून कावीळ लागली होती. बी प्रकारची, जी रक्तातून जाते आणि नवरा-बायकोच्या संबंधातूनही जाते. बहीण जगली, पण तिचं यकृत कायमचं अधू झालं. म्हणून कस्तुरानं निरोप धाडला की मुलानं आधी रक्त तपासून घ्यावं, काविळीची लस टोचून घ्यावी आणि एचपीव्हीचीही घ्यावी. जमणार नसेल तर दुसरी मुलगी बघावी.

तायाप्पाला दुसरी मुलगी बघायची नव्हती. तो तडक उपकेंद्रात मार्था सिस्टरकडे गेला. एचपीव्ही म्हणजे बायकांचं काहीतरी, असा त्याचा समज होता. सिस्टरनं तो दूर केला. हा विषाणू पुरुषालाही धरतो, नको त्या जागी चामखिळी उठतात, घशाचा किंवा लिंगाचा कर्करोग होऊ शकतो. बरेचदा पुरुषाला पत्ताही लागत नाही, आणि त्याच्याकडून तो बायकोला जातो. तिला पुढं गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तालुक्याचे डॉक्टर हळिंगळे लवकरच गावात पुरुषांसाठी शिबिर घेणार होते. दोन्ही लसी तिथं मिळणार होत्या. सिस्टरनं तपासणीसाठी रक्त घेतलं आणि जाताना बजावलं,

“हे बघ, यात लाजायचं नाही. चार माणसांत मोकळेपणानं बोलायचं.”

तायाप्पानं मान डोलावली.

आठवड्यानं सुपारी फोडायची होती. कस्तुराच्या अंगणात अकरा माणसं बसली होती. तायाप्पानं ती दोनदा मोजली. मग त्यानं सात जणांना हात जोडून फाटकाबाहेर जायला सांगितलं. त्या सातांत मुलीचा बाप होता, मामा होता आणि लग्न जमवणारे हिंगणओढ्याचे सरपंच भूपालआण्णाही होते. आत उरले ते एक फोटोवाला, टेम्पोचा ड्रायव्हर, त्याचा मेहुणा आणि चहाच्या वासानं आलेले शेजारचे एक आजोबा. या चौघांना तायाप्पानं घशापासून गर्भाशयापर्यंत सगळं मोकळेपणानं सांगितलं. फोटोवाल्यानं दोन प्रश्न विचारले. आजोबांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

फाटकाबाहेर कस्तुराचा बाप ज्याला त्याला विचारत होता, की आपण आपल्याच घराबाहेर का उभे आहोत. कस्तुरा मात्र दाराआडून सगळं ऐकत होती. तिनं आईला सांगितलं की माणूस कसाही असो, त्याची माहिती बरोबर आहे. सुपारी फुटली, पण तिन्हीसांजेला.

परतीच्या वाटेवर भूपालआण्णांनी त्याला फैलावर घेतलं.

“असल्या गोष्टी चारचौघांत बोलतात होय रे? एकेकाला बाजूला घ्यावं, हळूच कानात सांगावं.”

“बरं, आण्णा,” तायाप्पा म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात शिबिराची तारीख आली. गुरुवारी सकाळी शाळेत पुरुषांसाठी शिबिर आहे, अशी दवंडी द्यायला आण्णांनी सांगितलं. तायाप्पानं हलगी कचेरीतच खुंटीला ठेवली आणि तो निघाला. रस्त्यात भेटेल त्याला बाजूला घ्यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि कानाला तोंड लावायचा. गुरुवारी शाळेत या, सुई आहे, फक्त पुरुषांना. तालमीत गेला, पिठाच्या गिरणीत गेला, झोपलेल्यांच्या कानातही सांगून आला. दिवसभरात त्यानं दोनशे कान उरकले. आपण एवढं नाजूक काम केलंय याचं त्याला समाधान वाटलं.

जी गोष्ट कानात सांगतात आणि फक्त पुरुषांना सांगतात, तिचा गावानं एकच अर्थ लावला. नसबंदी. गुरुवारी सकाळी हिंगणओढ्यात एक पुरुष दिसेना. कुणी बहिणीकडे गेलं, कुणाला अचानक दूरच्या मयताची आठवण झाली, आणि तालमीतले सात पैलवान जेवणाचा डबा घेऊन उसात बसले. डॉक्टर हळिंगळे लसींचा थंड डबा पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत एकटे होते. शेवटी एक माणूस आला. बहात्तर वर्षांचे रामजीतात्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते आले होते. त्यांचं ब्लडप्रेशर तपासून त्यांना घरी पाठवलं.

त्यानंतर मागच्या दारानं भूपालआण्णा आले. त्यांचं खाजगी दुखणं होतं. वर्षभर लपवलेलं. डॉक्टरांनी पडदा ओढला, तपासलं, धीर दिला आणि औषध उद्या चिठ्ठीसह पाठवतो म्हणाले. शनिवारी पुन्हा शिबिर घेऊ, असंही ठरलं.

बाहेर आल्यावर आण्णांनी तायाप्पाला गाठलं. सगळा पुरुषवर्ग गावातून का पळाला, ते त्यांना एव्हाना कळलं होतं.

“लोकांना सांगायचं असलं की हलगी वाजवायची. गावच्या चारी कोपऱ्यांत उभं राहायचं. नाव, गाव, वार, जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचायचं. काही गाळायचं नाही.”

“बरं, आण्णा.”

शुक्रवारी मार्था सिस्टरनं त्याच्या हातात एक पाकीट दिलं आणि आण्णांना पोचवायला सांगितलं. पंचायतीच्या दवंड्या पाकिटातूनच यायच्या. तायाप्पानं पाकीट फोडलं, गळ्यात हलगी अडकवली आणि पहिल्या कोपऱ्यावर उभा राहिला.

“ऐका हो ऐका. सरपंच भूपालआण्णांना जांघेत चामखिळी आहेत. नग तीन. एचपीव्हीच्या आहेत. मलम सकाळ-संध्याकाळ लावावं. वहिनींना तपासायला आणावं. शनिवारी शाळेत याचीच लस आहे, मुलांना टोचून घ्यावी. वर्षभर लपवायला नको होतं हो.”

मग तो दुसऱ्या कोपऱ्यावर गेला. तिसऱ्या कोपऱ्यावर सलून होतं, आणि तिथं खुर्चीत आण्णा बसले होते. अर्ध्या गालाला फेस होता. त्यांनी उरलेली दाढी करून घेतली नाही.

आण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. पण गावाला दोन गोष्टी समजल्या. एक, ही सुई नसबंदीची नव्हे. दुसरी, जे दुखणं सरपंचाला होतं ते कुणालाही होऊ शकतं, आणि सरपंच लपवतो तर आपणही काही लपवतोय. शनिवारी शाळेपुढं एक्केचाळीस जणांची रांग लागली. काहींना लस हवी होती, काहींना फक्त पडदा हवा होता. वहिनी स्वतः तपासून घेऊन आल्या, त्या ठणठणीत निघाल्या, आणि त्यांनी दोन्ही मुलांना दंडाला धरून रांगेत उभं केलं. तायाप्पाला कामावरून काढायचं पत्र पंचायतीत टाइप झालं होतं. ते पोचवायला दुसरा शिपाई नसल्यानं तसंच राहिलं.

रांगेत तायाप्पा पहिला होता. त्याचं रक्त स्वच्छ आलं होतं. त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या आणि डॉक्टरांना विनंती केली की लग्नाची गडबड आहे, सगळ्या सुया आजच मारून टाका.

“तसं चालत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आज पहिला डोस, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. एकदम घेतलं की लागू पडत नाही. आणि प्रत्येक वेळी इथं अर्धा तास बसून राहायचं. चक्कर आली तर सिस्टरना सांगायचं.”

कस्तुरानं लग्न तिसऱ्या डोसानंतर ठेवलं. सहा महिन्यांत तायाप्पानं एकही तारीख चुकवली नाही. दर वेळी तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बरोबर अर्धा तास बसला. त्याला चक्कर आली नाही. मार्था सिस्टर त्याचं उदाहरण सगळ्यांना देऊ लागली. कस्तुराच्या घरीही त्याचं नाव आदरानं निघू लागलं. माणूस सुधारला, असं आण्णासुद्धा म्हणाले, आणि लग्नाला यायला तयार झाले.

लग्नाला चारशे माणसं जमली. अक्षता पडल्या, हार घातले, कस्तुराच्या शालूला तायाप्पाच्या उपरण्याची गाठ बांधली. भटजींनी सांगितलं की आता दोघांनी मिळून सात पावलं चालायची. तायाप्पानं नीट ऐकलं. तो दोन पावलं चालला, जवळची खुर्ची ओढली आणि बसला. गाठ बांधलेली असल्यानं कस्तुरालाही बसावं लागलं.

भटजी म्हणाले, पुढचं पाऊल.

“आजचं झालं,” तायाप्पा म्हणाला. “आणखी दोन पावलं महिन्यानं, उरलेली तीन सहा महिन्यांनी. एकदम घेतली की लागू पडत नाहीत.”

पहिल्या रांगेत मार्था सिस्टरनं पदरानं तोंड झाकलं. कस्तुरानं खाली बघतच विचारलं,

“आणि तोवर मी कुठं राहायचं?”

तायाप्पानं विचार केला. तिची काळजी त्याला होतीच.

“माहेरी,” तो म्हणाला. “तिसऱ्याशिवाय खात्री नसते.”

मग त्यानं घड्याळ बघितलं आणि सगळ्या पाहुण्यांना हात जोडून सांगितलं की अर्धा तास कुणी जागेवरून उठू नये, आणि चक्कर आलीच तर सिस्टर इथंच बसल्या आहेत.

पहिली चक्कर कस्तुराच्या बापाला आली.