घुशीने दिलेला मणी

शप्पथ, ही गोष्ट खरी आहे. मी तिथे हजर होतो. म्हणजे तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण ते असो.

गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या काळच्या वस्तीच्या, टेकाडात एक घूस राहायची. तिथे उत्खननवाले आले. आता बीळ जाणार, या धास्तीने तिने एक सुरेख मणी प्रमुख चारुशीलाबाईंपुढे ठेवला.

"बाई, हा घ्या आणि माझं घर तेवढं सोडा."

"कुठल्या थरात मिळाला?"

"थर कसला विचारता? मणी बघा की! उकरताना लागला कुठंतरी."

बाईंनी सुस्कारा टाकला. "अगं, आम्ही उद्या निघणारच होतो. आता हा कुठला, ते शोधायला तुझं बीळच तळापर्यंत खणावं लागेल."

घूस बोलली, हे खरंच आहे. मणी सुरेख होता, हे मात्र माझ्या पदरचं. साधा मातीचा होता.