तीन राजपुत्र आणि काचेचा हौद

एका राज्यात राजपुत्र तीन होते आणि सिंहासन एकच होते. वज्रकेतू, रुद्रकेतू आणि पुष्पकेतू एकदा भांडत भांडत एका मांत्रिकाच्या अंगणात शिरले आणि त्यांनी चुलीवरची खीर लवंडून दिली. मांत्रिकाने शांतपणे पळी खाली ठेवली आणि तिघांचे हात-हातभर लांब मासे केले. उःशापही दिला. एकाच हौदात तीन दिवस कोणी कोणाला चावले नाही, तर पुन्हा माणसे होतील. एक जरी मेला, तर उरलेले जन्मभर मासेच.

राजाने राजतळ्याची राखण करणाऱ्या साळूबाईला बोलावले. तिने महालातल्या काचेच्या हौदात तिघांना सोडले. माशांच्या रूपातही त्यांची वाचा शाबूत होती, हे आणखी दुर्दैव. दुपारपर्यंत वज्रकेतूने मोठा खडक बळकावला, रुद्रकेतूने कोपरा अडवला आणि पुष्पकेतूची शेपटी फाटली.

साळूबाईने पहिला उपाय केला. बारा कारागिरांकडून दुप्पट लांबीचा हौद करवून घेतला. तो सगळाच आपला, असे वज्रकेतूने जाहीर केले. दुसरा उपाय म्हणून तिने तिघांना पोटभर कोळंबी चारली. अंगात बळ आल्यावर ते अधिकच जोमाने भांडले. पुष्पकेतू आता तिरपा पोहू लागला. राजा तर हौदाकडे बघेनासाच झाला.

तेव्हा खिडकीत एक खंड्या पक्षी येऊन बसला.

"बाई, एक मासा मला दे. भांडण मिटेल."

"ते राजाचे पुत्र आहेत."

"मग त्यांची घरे मोड. ते हद्दीपायी चावतात."

साळूबाईने त्याला तळ्यातले मूठभर मासे दिले आणि तिसरा उपाय केला. तीन घंगाळांत तिघांना काढले. हौदातला दगडन् दगड हलवला, एकाला दुसरा दिसू नये असे खडक रचले आणि तिघांना एकाच क्षणी आत सोडले.

मासे गोंधळले. कोणाची जागा कोणती, हे कोणालाच कळेना. साळूबाई तीन दिवस हौदासमोरून हलली नाही, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य कलला असता पुष्पकेतू वज्रकेतूच्या मागे आला आणि त्याने जबडा उघडला. साळूबाईने श्वास रोखला.

"दादा, मी वाट चुकलो."

वज्रकेतू जरासा बाजूला सरकला.

"मीही चुकलोय. थांब इथेच."

सूर्य बुडाला आणि शाप फिटला. हौदात तीन राजपुत्र गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते आणि निम्मे पाणी गालिच्यावर होते. धाकट्या दोघांनी मिळून थोरल्याला बाहेर ओढले आणि पुढे सिंहासनावरही बसवले.

राजाने साळूबाईला सांगितले, काय हवे ते माग. ती म्हणाली, झोप. राजाने नगारे बंद करवले, घोड्यांच्या टापांना चिंध्या बांधवल्या आणि सारे राज्य दोन दिवस चवड्यांवर चालले. तिच्या दाराशी पहाऱ्याला तिघे राजपुत्र उभे राहिले. भांडले तिथेही, पण कुजबुजत.